सगळ्यांत वरचा मालक

माझं काम काय आहे हे कुंभकोणमात कुणाला समजावून सांगायचं म्हणजे माझा घसा कोरडा पडतो. शेजारच्या मामी गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, घालता घालता विचारतात, "दिवसभर त्या पेटीसमोर बसून करतेस तरी काय?" मी सांगते, कंपन्यांना ओळख-क्रमांक द्यायचं काम आहे. त्या म्हणतात, "कंपनीला कसली ओळख? दारावर पाटी असते की!" यावर माझ्याकडे चटकन देण्यासारखं उत्तर नसतं, आणि चटकन उत्तर नसलं की मी चिडते. मग वाळत घातलेले कपडे अर्धे तसेच ठेवून खाली येते.

उत्तर आहे, पण लांबलचक आहे. पाट्या फसव्या असतात. एकाच नावाच्या कंपन्या जगात ढिगानं सापडतात, आणि एकच कंपनी चार देशांत चार नावांनी वावरते. एका देशातून दुसऱ्या देशात पैसा जातो तेव्हा मधल्या बँकांना कळायला हवं की घेणारा नक्की कोण आणि देणारा कोण. म्हणून प्रत्येक कंपनीला वीस अक्षरं-आकड्यांचा एक क्रमांक मिळतो, जगभर तोच. पहिली चार अक्षरं क्रमांक देणाऱ्या संस्थेची, शेवटचे दोन आकडे चूक पकडण्यासाठी, आणि मधल्या अक्षरांना काहीही अर्थ नसतो. मुद्दामच नसतो. कंपनीनं नाव बदललं, गाव बदललं, तरी क्रमांक बदलत नाही. ती बुडाली तर तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. दर वर्षी मात्र त्याचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे कंपनीनं पुन्हा एकदा सांगायचं की आम्ही अजून तेच आहोत. नाही सांगितलं, तर नावापुढे 'मुदत संपली' असं लागतं आणि ते सगळ्या जगाला दिसतं.

माझं काम पडताळणीचं. कंपन्या जे सांगतात ते खरं आहे का, हे मी कागद लावून बघते. विचारायचं दोनच गोष्टींबद्दल: तू कोण, आणि तुझा मालक कोण. दुसऱ्यावर माझा फार जीव. एका कंपनीची मालक दुसरी कंपनी निघते, तिची मालक तिसरी, तिसरी कुठल्यातरी बेटावर असते आणि तिचा पत्ता म्हणजे नुसती एक टपालपेटी. मी वर वर चढत जाते. चहा गार होतो, पाय सुन्न होतात, तरी मी उठत नाही. एरवी मला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही, आई म्हणायची की हिच्या पायाला भिंगरी बांधलीय. पण ही साखळी हातात आली की मला शेवट गाठल्याशिवाय चैन पडत नाही. बऱ्याचदा सगळ्यांत वर माणूस निघतो. कुणीतरी म्हातारा, कुणीतरी विधवा, दोन भाऊ. माणूस सापडला की मला बरं वाटतं. कुणीतरी आहे, ज्याला विचारता येईल.

आमच्या घरी मराठी बोलतात. पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आले आणि इकडचेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराआत मराठी. तीही अशी की मी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा वसतिगृहातल्या मुली पोट धरून हसल्या. "ही पोथीतून बोलते गं!" मी हट्टानं त्यांची मराठी शिकले. आता लिहिते ती तीच. आई गेल्यावर ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी परत आले, कारण अप्पा एकटे होते. एकटे म्हणजे, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, नव्हते. त्यांच्याजवळ धनीण होती.

धनीण म्हणजे आमची कुलदेवी. पूर्वजांनी येताना आणलेली, वीतभर उंचीची, पितळेची. देवघरात तिच्यासमोर नाचियार्कोविलच्या कारागिरांचा पितळी दिवा अखंड तेवतो. तिला आमच्या घरात कधी कुणी नुसतं देवी म्हटलं नाही. घर तिचं, शेत तिचं, आडुतुरैच्या रस्त्यावरची भाताची गिरणी तिची, आम्ही कारभारी. हे नुसतं बोलायचं नव्हे. नवरात्र संपताना गिरणीच्या किल्ल्या तिच्या पायाशी ठेवायच्या आणि दसऱ्याला अप्पांनी त्या हात जोडून मागून घ्यायच्या. गिरणीच्या ऑफिसातली मोठी खुर्ची तिची. अप्पा बाजूच्या स्टुलावर बसतात. एकदा बँकेचा एक नवा अधिकारी त्या खुर्चीवर बसला, तर अप्पांनी त्याला इतक्या गोड शब्दांत उठवलं की तो बिचारा नंतर उभाच राहिला.

आणि कुठल्याही मोठ्या गोष्टीला कौल. देवीच्या दोन खांद्यांवर कण्हेरीच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न सांगायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नवा बॉयलर घ्यायचा का, सिंगापूरच्या व्यापाऱ्याला तांदूळ द्यायचा का, माझं पुण्याला जाणं, सगळं असंच ठरलं. माझ्या वेळी उजवी पडली. मी तेव्हा तिची फार आभारी होते.

आता गोष्ट त्या क्रमांकाची. आमची गिरणी ही रीतसर कंपनी आहे, आणि भात विकत घ्यायला ती बँकेकडून दर वर्षी मोठं कर्ज उचलते. ठरावीक मर्यादेच्या वरचं कर्ज असेल तर बँकेला हा वीस अक्षरी क्रमांक लागतो, आणि तोही चालू असलेला. मुदत संपली असेल तर कर्जाचं नूतनीकरण होत नाही. त्यात काही घासाघीस चालत नाही. गेल्या वर्षापर्यंत हे सारं आमचे जुने ऑडिटर बघायचे. ते लेकीकडे कोइंबतूरला राहायला गेले. नवा माणूस शोधायचा तर अप्पा म्हणाले, "तूं घरांत असतां दुसऱ्यास कशास सांगायचें?"

मी सांगितलं की पडताळणीला मला हात लावता येणार नाही. घरच्या माणसाची पडताळणी घरच्यानं करायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी ऑफिसला तसं कळवून टाकलं आणि ते प्रकरण दुसऱ्या शहरातल्या एका मुलीकडे गेलं. मी तिला कधी पाहिलेलं नाही. आमच्या कंपनीचं काय चाललंय, हे मला फक्त जगाला दिसतं तेवढंच दिसणार होतं: चालू, की मुदत संपली.

अप्पांनी अर्ज स्वतः भरला. एका बोटानं टाइप करत, प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत. मी स्वयंपाकघरात रसमला फोडणी देत होते. एकदम वाचणं थांबलं. मी डोकावून पाहिलं तर ते चष्मा काढून बसले होते.

"हें कोणें लिहिलें?"

अर्जात गेल्या वर्षीची उत्तरं आपोआप आलेली होती. 'सर्वोच्च मालक कोण' या ठिकाणी ऑडिटरांनी जे निवडायचं तेच निवडलं होतं: या कंपनीचे मालक म्हणजे माणसंच, त्यांच्या वर दुसरी कुठलीही संस्था नाही. साधी गोष्ट. जगातल्या लाखो कंपन्या हेच निवडतात. मी म्हटलं, "बरोबर आहे की, अप्पा."

"बरोबर?" ते म्हणाले. "मागच्या वर्षीं माझ्या नांवानें असें लटिकें गेलें आणि मज ठाऊकही नाही?"

मी हसले. हसायला नको होतं. ते वळले, ती नोंद पुसली, आणि मालकाच्या जागी देवीचं नाव लिहिलं. पत्त्याच्या जागी आमच्या घराचा पत्ता. नातं या रकान्यात काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: 'पूर्ण मालकी, पहिल्यापासून.' आणि पाठवून दिलं. मी तोवर रसम उतू जाताना वाचवत होते.

दोन दिवसांत त्या मुलीकडून प्रश्न आला. अप्पांनी तो मला अभिमानानं वाचून दाखवला. मालक संस्थेचा नोंदणी क्रमांक कळवावा. तिची नोंदणी कुठल्या कार्यालयात आहे ते कळवावं. तिचे मागच्या वर्षाचे तपासलेले हिशेब जोडावेत. मालक संस्थेलाही असा क्रमांक असल्यास तो द्यावा.

"बघ," अप्पा म्हणाले, "पोर हुशार आहे. नीट विचारती."

मी कपाळाला हात लावला. मला ती मुलगी डोळ्यांसमोर दिसत होती, कारण तिच्या जागी मी रोज असते. तिला वाटलं असणार की ही एखादी मोठी संस्था आहे, कुंभकोणमच्या एका गल्लीत दडलेली, जिच्या ताब्यात गिरणी आहे आणि जी हिशेब लपवते आहे. मीही हेच समजले असते. आणि मीही तिच्यासारखीच खोदत बसले असते.

इकडे सांबा भाताची, म्हणजे आमच्या मोठ्या हंगामाची, कापणी सुरू झाली होती. या दिवसांत आमच्या भागात रस्त्यानं चालायची सोय राहत नाही. जिकडे तिकडे डांबरावर भात वाळत घातलेलं. शेतकरी ओलं भात घेऊन थांबत नाहीत, गिरणीच्या दारात लॉरी आली की त्याच दिवशी तोल करून घ्यावं लागतं, नाहीतर ती पुढच्या गिरणीकडे वळते. बँकेच्या कर्जाची मुदत महिनाअखेरीला संपत होती. गिरणीचा मेस्त्री रोज फोन करायचा, "अय्या काय म्हणतात? भात घेऊ की थांबवू?" बँकेतले अधिकारीही फोन करायचे, तमिळमध्ये, अगदी नम्रपणे: "अम्मा, बाकी सगळे कागद तयार आहेत. तेवढी एक ओळख चालू झाली की मी लगेच पुढे पाठवतो." एक हंगाम गेला तर गिरणी पुढच्या हंगामापर्यंत बंद, आणि मेस्त्रीपासून पोती शिवणाऱ्या बायकांपर्यंत सगळी माणसं दुसरीकडे गेली असती. अप्पांच्या वयात ती पुन्हा उभी राहिली नसती.

मी दिवसातून किती वेळा क्रमांकांची स्थिती दाखवणारं ते पान उघडून बघत होते याला हिशेब नाही. स्वतःचं काम करता करता मध्येच. भाजी चिरता चिरता. स्कूटर थांबवून, पेट्रोल पंपाच्या रांगेत. आमच्या कंपनीचं नाव टाकायचं आणि बघायचं. मुदत संपली. मुदत संपली. सगळं जग बघतंय आणि आपण इथे बसून आहोत असं मला वाटायचं, खरं तर सगळ्या जगाला आमच्या गिरणीशी काही देणंघेणं नव्हतं.

अप्पा मात्र शांत. सकाळी पूजा, मग बसनं आडुतुरैला, संध्याकाळी परत येताना वेताच्या पिशवीत वेत्तिलैचा, म्हणजे विड्याच्या पानांचा, जुडगा. मी त्यांच्या मागे मागे फिरत समजावत होते. "अप्पा, या प्रश्नाचा अर्थ तुम्ही समजता तो नाही. त्यांना एवढंच विचारायचंय की तुमचे हिशेब दुसऱ्या कुणाच्या हिशेबात मिसळले जातात का. आपले नाही मिसळत. संपलं."

"मग असें विचारा म्हण. मालक कोण, असें काय म्हणोन विचारतात?"

"अर्जात तसं असतं."

"अर्जांत असलें म्हणोन मी लटिकें लिहूं?"

मग एकदा मीच चुकून बोलून गेले की आणखी एक पर्याय असतो: मालक आहे, पण त्या मालकावर एकत्र हिशेब काढायचं बंधन नाही. अप्पांचा चेहरा उजळला. "हें! हेंच बरोबर! ती कुठें हिशेब काढती?" मी म्हटलं, नाही नाही, तो पर्याय वेगळ्या प्रकारच्या संस्थांसाठी आहे, तुम्हाला लागू होत नाही. तोपर्यंत ते लॅपटॉपकडे निघाले होते. त्यांनी ते निवडून पाठवलं, आणि त्या मुलीनं ते दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं: मालक संस्थेच्या अस्तित्वाचा पुरावा जोडावा. मला तिचा राग आला नाही. तिनं सोडलं असतं तरच मला आला असता.

अप्पांनी ते वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचलं. अस्तित्वाचा पुरावा. मग हळूच म्हणाले, "हें मात्र तिनें विचारायचें नव्हतें."

त्या शुक्रवारी सकाळी मेस्त्रीचा फोन आला की दोन लॉऱ्या दारातून परत गेल्या. मी फोन ठेवला आणि माझं डोकंच फिरलं. अप्पा देवघराच्या उंबऱ्यावर बसून माळ ओवत होते. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सही करा, अप्पा. मालक माणूसच असतो. मी रोज बघते. कितीही वर चढा, शेवटी माणूसच सापडतो आणि त्यानंच सगळं ठरवलेलं असतं. बाकी सगळं म्हणजे पुढे केलेल्या पाट्या."

ते माळ ओवत राहिले. मला थांबता आलं नाही.

"आईला चेन्नईला नेलं नाही, ते कुणी ठरवलं?"

हे मी कधी बोलले नव्हते. आईच्या हृदयाची झडप बिघडली होती. तंजावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेन्नईला न्या, शस्त्रक्रिया करा, जोखीम आहे, पण न्या. अप्पांनी कौल लावला. मी पुण्याहून येऊन पोचले होते, दारात उभी होते, मी पाहिलं. डावी पाकळी पडली. आईला इथेच ठेवलं, इथल्या डॉक्टरांची औषधं चालू राहिली, आणि ती पावसाळ्याआधी गेली. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला अप्पांनी एकच वाक्य सांगितलं: "धनिणीच्या मनांत होतें तसें झालें." मी त्या प्रत्येकाला कॉफी दिली. प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकलं. कदाचित चेन्नईलाही ती वाचली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. मला राग त्याचा नव्हता. मला कुणालातरी विचारायचं होतं, आणि विचारायला समोर पितळेची एक मूर्ती सोडून कुणी नव्हतं. तेव्हापासून मी या घरात शांत बसलेली नाही.

अप्पांच्या हातातली सुई थांबली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मज ठाऊक होतें," ते म्हणाले, "तूं एक दिवस हें विचारशील म्हणोन." मग सुई माळेत खोचत, "कौल लावतों."

"कशाला?"

"सही करूं कीं नको, तें तिज विचारतों. तिनें सांगितलें तर करतों."

मला हसू आलं आणि रडूही. मालक नाही असं लिहून द्यायला मालकाची परवानगी. पण मी अडवलं नाही, कारण उजवी पडली असती तर काम झालंच असतं, आणि मला तेव्हा काम झालेलं हवं होतं. महिनाअखेर आली होती, दुपारपर्यंत बँकेला कळवायचं होतं.

त्यांनी पुन्हा आंघोळ केली. परसातून कण्हेरीची फुलं आणली, पाकळ्या पाण्यात भिजवल्या, एक उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या. हात जोडून ओठांतल्या ओठांत विचारलं. मग मांडी घालून बसले. मी भिंतीला टेकून. वाऱ्यानं पाकळी पडू नये म्हणून कौलाच्या वेळी पंखा बंद असतो, आणि मासी, म्हणजे माघ-फाल्गुनातलं, आमचं ऊन म्हणजे सकाळपासूनच घामाच्या धारा. बाहेर रस्त्यावरून टाउन बसचे हॉर्न ऐकू येत होते, कुणीतरी गल्लीत कोथिंबीर विकत होतं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

माझा फोन बैठकीत वाजला. थांबला. परत वाजला. मेस्त्री असणार, नाहीतर बँक. मी उठायला गेले तर अप्पांनी मान हलवली, कौल चालू असताना कुणी उठायचं नाही. मी बसले. मांडी बदलली. पुन्हा बदलली. पाकळ्या वाळायला लागल्या होत्या, कडा आत वळत होत्या, पण दोन्ही तशाच चिकटलेल्या. असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. साधारण कुठलीतरी एक पडतेच. पाणी सुकलं की पडते. मी पंख्याच्या बटणाजवळच बसले होते. माझा हात तिथे कधी गेला मलाच कळलं नाही. उजवी बाजू पंख्याकडे होती. पंखा लावला असता तर वारा आधी तिलाच लागला असता.

"हात काढ," अप्पा म्हणाले. मागे वळूनही न बघता.

मी हात काढला. लाज वाटली आणि रागही आला. कुणी असं पाठीमागून बघू नये.

आणखी वेळ गेला. दिव्यातलं तेल कमी झालं तेव्हा त्यांनी घातलं. मग पुन्हा बसले. एकदा त्यांनी अगदी लहान आवाजात, जसं आजारी माणसाला विचारतात तसं, विचारलं, "सांगत नाहींस?" त्या क्षणी, खरं सांगते, मीही तिच्याकडे विनवून बघितलं. पड गं. कुठलीही पड. डावी पडली तरी चालेल. पण त्यांना असं बसवून ठेवू नकोस.

नाही पडली. कुठलीच नाही.

शेवटी अप्पा पुढे झुकले. दोन्ही पाकळ्या स्वतःच्या बोटांनी काढल्या, आधी उजवी, मग डावी, आणि ताम्हणात ठेवल्या. कौलाच्या पाकळ्या हातानं काढत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते उठताना त्यांचे गुडघे वाजले. मी हात द्यायला गेले, त्यांनी घेतला नाही. बैठकीत आले, टेबलाशी बसले, म्हणाले, "दे."

कागद केव्हाचा तयार होता. कंपनीचे मालक माणसंच आहेत, त्यांच्या वर कुणी नाही, हे जाहीर करणारा. त्यांनी तो पूर्ण वाचला, एकेक शब्द, नेहमीप्रमाणे मोठ्यानं. 'त्यांच्या वर कुणी नाही' हे दोनदा वाचलं, मग पुढे गेले. सही केली. तारीख घातली. पेनाला टोपण लावून खिशात ठेवलं.

मला हायसं वाटलं. पहिलं तेच वाटलं, नाकारून काय उपयोग. मेस्त्रीला सांगता येईल, भात घ्या. बँकेला सांगता येईल. मी घाईघाईनं कागदाचा फोटो काढला, अर्जात ती नोंद दुरुस्त केली, कागद चढवला. माझी बोटं इतकी भरभर चालत होती की दोनदा चुकली.

"तर मग," अप्पा म्हणाले, "तुझ्या आईस येथें ठेविलें, तेंही मीच."

मी वर बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, रडतही नव्हते. टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. इतका लहान दिसणारा माणूस मी त्या खोलीत कधी पाहिला नव्हता. आई गेल्यापासून मला हे एकच वाक्य ऐकायचं होतं. त्यासाठी मी भांडले होते, रुसले होते, त्यांच्याशी दिवसचे दिवस तुटक बोलले होते. आता ते मिळालं, आणि मला ते त्यांच्या तोंडात परत ढकलावंसं वाटलं.

"अप्पा, तसं नाही," मी म्हटलं. "हे नुसतं बँकेसाठी आहे. बँकेपुरतं."

"बँकेपुरतें लटिकें मी लिहीत नाही गे."

"मी मघाशी रागात बोलले."

"बरोबर बोललीस."

मी म्हटलं, कॉफी करते. ते म्हणाले, आधी हें होऊं दे. पाठवायचं बटण समोर पडद्यावर होतं, आणि मला ते दाबवेना. मी नुसती बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. अप्पांनी चष्मा सारखा केला, माझ्या खांद्यावरून पुढे वाकले, बटण कुठलं ते नीट पाहिलं आणि स्वतःच्या बोटानं दाबलं.